इंग्रजीत माग धावतो: ‘रन’ हा शब्द शिकायचा कसा

सोलापुरी टॉवेलच्या कोपऱ्यातल्या लेबलवर ‘फास्ट कलर’ असं छापलेलं असतं, आणि परदेशातलं गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी मेलवर विचारतं, ‘डू द कलर्स रन?’ शाळेत फास्ट म्हणजे वेगवान आणि रन म्हणजे धावणे एवढंच पाठ केलेली पोरं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसात नवीन लागली की इथंच अडतात. रंग वेगवान आहे म्हणे, मग तो धावतो का? उत्तर ‘नो, दे डोन्ट’ असंच द्यायचं असतं. फास्ट कलर म्हणजे पक्का रंग. कलर रन होणं म्हणजे धुताना रंग सुटणं, शेजारच्या पांढऱ्यावर पसरणं. जो फास्ट आहे तोच धावत नाही. घाईत ‘येस सर, व्हेरी फास्ट’ असं उत्तर गेलं तर रंग जातो अशी लेखी कबुलीच दिल्यासारखं होतं.

मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू माध्यमातून शिकून आता कामासाठी इंग्रजी बोलू-लिहू लागलेल्यांसाठी हे लिहितोय. शब्द एकच घेतलाय: आर-यू-एन, रन. तो घेण्याला कारण आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली, तेव्हा सर्वांत जास्त अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. पुढच्या आवृत्तीसाठी नोंदी नव्यानं तपासताना ‘रन’नं त्याला मागं टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर हे कोशकार त्या एका नोंदीवर नऊ महिने बसले होते. २०११ साली त्याच्या बातम्या छापून आल्या. आकडा ऐकून बिचकू नका. रोजच्या कामाला त्यातले वीस-पंचवीस पुरतात आणि तेही चार-पाच गटांत बसतात.

पायरी १: ‘धावणे’ बाजूला ठेवा, ‘चालणे’ हाताशी घ्या

शाळेच्या वहीत ‘रन – धावणे’ असं लिहिलेलं असतं. चूक नाही, पण त्या एका ओळीनं वाट अडते. इंग्रजी माणूस दिवसभरात रन शब्द वापरतो त्यात पायांनी धावणं फार थोडं असतं. बाकी बहुतेक ठिकाणी आपण ‘चालतो’ किंवा ‘चालवतो’ म्हणतो.

माग चालतो: द लूम रन्स. मामा किराणा दुकान चालवतात: माय अंकल रन्स अ ग्रोसरी शॉप. संस्था वसतिगृह चालवते: द ट्रस्ट रन्स अ हॉस्टेल. रिक्षा सीएनजीवर चालते: द रिक्षा रन्स ऑन सीएनजी. शिबिर दहा दिवस चालणार: द कॅम्प विल रन फॉर टेन डेज. भैया चौकात ज्यांचं स्मारक आहे ते आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि पुढे तिथलं बेथ्यून रुग्णालय त्यांच्या हाती आलं. हेही इंग्रजीत याच शब्दानं सांगतात: डॉक्टर कोटणीस रॅन द बेथ्यून हॉस्पिटल. पळत-पळत गेले असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही.

सोलापूरकरांची इथं सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या पोरांना नसते. घरी तेलुगू बोलत असाल तर ‘नडुपु’ आठवा, कन्नड बोलत असाल तर ‘नडेसु’. मराठी ‘चालवणे’, हिंदी-उर्दू ‘चलाना’ आणि हे दोन, सगळे पायांनी चालण्यातून निघालेत आणि दुकान, संस्था, कारभार यांनाही लागतात. म्हणजे पूर्व भागातल्या विणकराच्या घरात काय नि शेळगीच्या वाड्यात काय, हा धंदा पायीच चालतो. इंग्रजाचा तेवढा धावतो. फरक आहे तो वेगाचा! ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मा ‘रन’ आला.

यात खड्डा एकच. ‘चालणे’चं इंग्रजी म्हणून ‘वॉक’ तोंडात येतं आणि ‘अवर फॅक्टरी वॉक्स इन टू शिफ्ट्स’ असं वाक्य तयार होतं. माणूस आणि जनावर सोडून काहीही चालत असेल तर वॉक विसरा.

पायरी २: मालक कोण, ते ठरवा

या पायरीवर जरा थांबू या, कारण नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांत जास्त घोटाळा इथं होतो.

‘भाऊ रिक्षा चालवतो’ या मराठी वाक्यातून भाऊ सीटवर बसून हँडल धरतो की तीन रिक्षा भाड्यानं लावून घरी बसतो, हे कळत नाही. आपल्याला ते बोलण्याच्या ओघात कळतं. इंग्रजीला आधीच विचारावं लागतं. हँडल धरणारा ‘ड्राइव्ह’ करतो: ही ड्राइव्ह्ज अ रिक्षा. रिक्षांचा धंदा करणारा ‘रन’ करतो: ही रन्स थ्री रिक्षाज. बसचंही तसंच. एसटी महामंडळ बस ‘रन’ करतं, ड्रायव्हर ती ‘ड्राइव्ह’ करतो. आणि बस स्वतः काय करते? तीही रन होते: द बस रन्स बिटवीन सोलापूर अँड तुळजापूर. एकाच बसवर तीन माणसं तीन वाक्यं बोलू शकतात.

यंत्राला मात्र ही कडक वाटणी लागू नाही. माग चालवणारा कामगार ‘आय रन फोर लूम्स’ म्हणू शकतो, पण ऐकणारा त्याला कारखानदार समजण्याची शक्यता राहते. अर्जात कामगारानं ‘आय ऑपरेट पॉवरलूम्स’ लिहावं. ऑपरेट म्हणजे यंत्रावर हात आपला. ‘आय रन अ पॉवरलूम युनिट’ म्हणजे गाळा, माग, कामगार, वीजबिल, सगळी डोकेदुखी आपली.

पायरी ३: ‘चालतंय की’ म्हणजे रन नव्हे

आपल्याकडे ‘चालतंय की’ हे उत्तर प्रत्येक प्रश्नाला चालतं. सात वाजता येऊ? चालतंय की. उधारी पुढच्या महिन्यात? चालतंय की. इथं ‘रन’ कधीच नाही. ‘दॅट वर्क्स’ किंवा साधं ‘दॅट्स फाइन’.

वर्क आणि रन यांतला फरक बोअरच्या मोटरपाशी नीट कळतो. शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडतात, “मोटर चालू हाय की, पण पाणीच येईना झालंय.” इंग्रजीत: द मोटर इज रनिंग, बट द पंप इजन्ट वर्किंग. यंत्र फिरत राहतंय तोवर ते रन होतंय. त्यानं करायचं ते काम होत असेल तरच ते वर्क करतंय. मोबाइल बिघडला तर ‘माय फोन इज नॉट वर्किंग’. ‘नॉट रनिंग’ म्हणत नाहीत. पण फोनवरचं एखादं ॲप मागे सुरू राहून बॅटरी खात असेल तर ते ‘रनिंग इन द बॅकग्राउंड’.

पायरी ४: धावणारी वस्तू कोणती ते बघा

वाक्यात रन दिसला की आधी त्याच्या मागचा शब्द बघा, म्हणजे कर्ता. पाणी, रक्त, घाम, रंग, नाक असं काही ओलं दिसलं की अर्थ ‘वाहणे’. ही भर काही नंतरची नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं जे मूळ रूप होतं त्यातच पळणं आणि वाहणं दोन्ही होतं. उजनीचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पिणाऱ्या गावाला ‘रनिंग वॉटर’ हा शब्द थोडा जिव्हारी लागतो, पण भाड्याच्या खोलीच्या इंग्रजी जाहिरातीत त्याचा अर्थ नळाला पाणी आहे एवढाच. चोवीस तास येईल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. नळ उघडा राहिला तर ‘द टॅप इज रनिंग’. इंग्रजाचा नळसुद्धा वाहतो. नाक वाहत असेल तर डॉक्टरांना ‘माय नोज इज रनिंग’ सांगा, किंवा ‘आय हॅव अ रनी नोज’. आपल्याकडचं ‘रनिंग नोज’ इथल्या डॉक्टरांना कळतं; परदेशात ते थोडं विचित्र वाटेल, इतकंच.

कर्ता रस्ता, भिंत, केबल, पाइपलाइन असा लांबलचक असेल तर अर्थ ‘इथून तिथपर्यंत जाणे’: द पाइपलाइन रन्स फ्रॉम उजनी टू सोलापूर. काहीच हलत नाही, तरी रन.

कर्ता करार, योजना, नाटक असेल तर ‘मुदत’ किंवा ‘चालू राहणे’: द अ‍ॅग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मंथ्स. आपल्याकडचे बहुतेक भाडेकरार अकरा महिन्यांचेच असतात, तेव्हा हे वाक्य पाठच करून टाका. कर्ता आजार किंवा गुण असेल आणि पुढे ‘इन द फॅमिली’ आलं तर ते घराण्यात आहे: डायबिटीस रन्स इन अवर फॅमिली.

आगगाडी मात्र दोन्ही भाषांत धावते. स्टेशनवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची किंवा १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या मुंबई वंदे भारतची घोषणा ऐका. मराठीत ‘उशिरा धावत आहे’, इंग्रजीत ‘इज रनिंग लेट बाय’ आणि पुढे मिनिटं. शिकण्याचं हे फुकटातलं साधन आहे: तीच माहिती तीन भाषांत, सावकाश, पुन्हापुन्हा. त्यातला ‘बाय’ कानात साठवा. ‘आय ॲम रनिंग लेट बाय टेन मिनिट्स’ असं वाक्य तुम्हालाही लागणार आहे. बोलताना ‘आय ॲम रनिंग टेन मिनिट्स लेट’ हे जास्त सहज वाटतं. प्रत्यक्ष तुम्ही खुर्चीत बसून असलात तरी चालतं.

पायरी ५: मागून येणारं शेपूट

रनच्या पुढे आऊट, ओव्हर, इनटू, डाऊन, थ्रू असं काही लागलं की अर्थ बदलतो, आणि तो दोन तुकडे जोडून काढता येत नाही. सगळी यादी घोकू नका. आधी ‘रन आऊट’ पक्कं करा, कारण ते रोज लागतं आणि त्याच्या दोन दिशा आहेत.

सूत संपलं. संपलेली वस्तू आधी आली तर ‘द यार्न हॅज रन आऊट’. ज्याच्याकडचं संपलं तो माणूस आधी आला तर मध्ये ‘ऑफ’ हवाच: ‘वी हॅव रन आऊट ऑफ यार्न’. ‘वी हॅव रन आऊट यार्न’ म्हणालात तर ऐकणारा गोंधळतो. आणि नुसतं ‘वी रन आऊट’ म्हणालात तर क्रिकेटवाले पार्क स्टेडियमकडे बघतात. क्रिकेटमधला रनआऊट आणि हा रन आऊट यांचा अर्थाशी संबंध नाही. तिथं रन म्हणजे धाव, आणि ती काढताना बाद.

धाव म्हणालं की सोलापुरात वाढलेल्या पॉली उम्रीगर यांना वगळता येत नाही. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयानं केलेलं ते पहिलं द्विशतक. इंग्रजीत हे सांगताना मात्र मराठी ‘धावा काढल्या’वरून ‘ही टुक आऊट रन्स’ असं करू नका. स्कोअर किंवा मेक: ही स्कोअर्ड २२३ रन्स, ही मेड २२३ रन्स. हात न लावता सोडून दिलेला चेंडू आणि चुकीचं क्रियापद, दोन्ही स्टंपावर जातात.

‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं: नवी पेठेत जुना मित्र भेटला, आय रॅन इनटू ॲन ओल्ड फ्रेंड. गाडी भिंतीवर आदळली तरी रन इनटूच. कशावर ते बघून कळतं. ‘रन ओव्हर’ जपून वापरा. गाडीखाली चिरडणं हा त्याचा अर्थ आहे. साहेबांना हिशेबावरून एकदा नजर फिरवू या असं सांगायचं असेल तर नवशिक्यानं ‘रन थ्रू’ वापरावं: लेट्स रन थ्रू द फिगर्स. आणि निर्णय घेण्याआधी कुणाच्या कानावर घालायचं असेल तर ‘रन इट बाय हिम’. ऑफिसच्या मेलमध्ये हे फार येतं: प्लीज रन इट बाय द ओनर, म्हणजे मालकांच्या कानावर घाला. बाकीची शेपटं समोर येतील तशी बघा.

पायरी ६: रूपं

रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखं. ‘हॅज रॅन’ असं कधीच नाही, ‘हॅज रन’. रनिंग लिहिताना एन दोनदा. झालं.

पायरी ७: नाम म्हणून आला तर

नवीन यंत्राची चाचणी म्हणजे ट्रायल रन. कार्यक्रमाआधीची रंगीत तालीम म्हणजे ड्राय रन. छापखान्यात एका वेळी निघालेल्या प्रती म्हणजे प्रिंट रन. बँक बुडणार अशी हूल उठली आणि ठेवीदारांची रांग लागली की ‘अ रन ऑन द बँक’. पतसंस्थांच्या जिल्ह्यात हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

विमानाची धावपट्टी म्हणजे रनवे, इथं मराठीनंही धाव राखलीय. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा होते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा हा इंग्रजी शब्द पानटपरीवरही ऐकू येत होता.

पण सोलापूरकरानं खरा जपावा तो ‘रन ऑफ द मिल’. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून गिरण्यांवर वाढलेलं हे गाव. ‘मिल’ शब्द दिसला की आपल्याला अभिमान वाटतो, आणि एखादा उत्साही कारखानदार पत्रकात ‘अवर रन ऑफ द मिल चादर’ असं लिहूनही टाकेल. मूळ अर्थ तसाच होता: गिरणीतून जसा निघाला तसा माल, निवड नाही, प्रतवारी नाही. आज तो शब्द नावं ठेवायलाच वापरतात. सुमार, कुठंही मिळेल असं, खास काही नाही. आपल्या चादरीबद्दल हे आपणच छापू नये.

आपल्याकडचे रनिंग

काही ‘रनिंग’ आपणच घडवलेत किंवा आपल्याकडेच जास्त चालतात. सुताराचा रनिंग फूट, म्हणजे नुसत्या लांबीचं माप, आणि कंत्राटदाराचं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाच लावलेलं बिल, धंद्यात बिनधास्त वापरा. जुनी गाडी विकताना ‘रनिंग कंडिशन’ ठीक आहे. परदेशी माणूस मध्ये ‘इन’ आणि बहुधा ‘गुड’ घालील. वय सांगताना मात्र ‘ट्वेंटी-फाइव्ह रनिंग’ इथंच ठेवा. पंचविसावं चालू असेल तर पुरी झालेली वर्षं सांगायची: आय ॲम ट्वेंटी-फोर.

निवडणुकीचं एक गंमतशीर आहे. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. आपला वॉर्डातला उमेदवार ‘उभा’ असतो, म्हणजे आपण ब्रिटिशांच्या बाजूला. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रं ‘कंटेस्ट’ लिहून दोघांना टाळतात. तुम्हीही टाळा.

पायरी ८: वही आणि कोश

कोणता कोश उघडता यावर बरंच अवलंबून आहे. ऑक्सफर्डचा तो मोठा कोश इतिहासाच्या क्रमानं अर्थ देतो, म्हणजे जुना अर्थ आधी. नवशिक्याच्या तो उपयोगाचा नाही. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश ऑनलाइन फुकट आहेत, ते वापरा. केंब्रिजमध्ये क्रियापदाजवळ टी किंवा आय हे अक्षर दिसेल. टी असेल तर पुढे कर्म हवं, म्हणजे मराठीत बहुधा ‘चालवणे’. आय असेल तर कर्म नको, म्हणजे ‘चालणे, वाहणे, धावणे’. या दोन अक्षरांकडे बघायची सवय लागली तर अर्ध्या चुका तिथंच थांबतात.

वहीत अर्थ लिहू नका, वाक्यं लिहा. एका पानाला एक मराठी क्रियापद: चालवणे, चालणे, वाहणे, संपणे, धावणे. दिवसभरात ऐकलेलं, मेलमध्ये वाचलेलं रनचं वाक्य योग्य पानावर टाका. जे कुठंच बसत नाही ते शेवटच्या पानावर. त्या पानाची गर्दी वाढली की त्यातूनच एक नवा गट निघेल. पाठांतराची स्पर्धा लावू नका. सलग बसून पन्नास अर्थ घोकणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘धावणे’वर येतात.

मुलाखतीला जाण्याआधी एक वाक्य मात्र तयार ठेवा. कॉलेज करता करता काकांच्या दुकानात बसलेले, घरच्या मागावर कांड्या भरलेले खूप जण असतात, आणि अनुभव विचारला की ‘नो एक्सपीरियन्स’ सांगून मोकळे होतात. ‘आय रन अ शॉप’ म्हणालात तर मालक ठराल, ते खोटं. ‘आय सिट इन द शॉप’ म्हणालात तर नुसते बसून राहता असं होईल. मधलं बरोबर आहे: ‘आय हेल्प रन माय अंकल्स शॉप’. पुढचा प्रश्न हमखास येतो, व्हॉट डू यू डू देअर? तेव्हा हिशेब, माल मागवणं, गिऱ्हाईक, जे खरोखर करता ते साध्या शब्दांत सांगा. तिथं रनची गरज नाही.